न दिसणाऱ्या वायूचा हिरवा उजेड



हळदीचा हंगाम आला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात रस्त्यावरची धूळसुद्धा पिवळी दिसू लागते. वसमतच्या आणि हिंगोलीच्या मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि माणूस बाजारातून घरी आला तरी त्याच्या सदऱ्याला हळकुंडाचा वास राहतो. अशाच दिवसांतली ही गोष्ट आहे.

एका आठवडी बाजारात एक विक्रेता हळदीची पूड डब्यांत भरून औषध म्हणून विकत होता. नोटा तपासावयाचा जांभळा दिवा त्याने बरोबर आणला होता. काचेच्या पेल्यात थोडे स्पिरिट घ्यावयाचे, त्यात चिमूटभर पूड टाकावयाची, वर घोंगडी धरून अंधार करावयाचा आणि दिवा लावावयाचा, असा त्याचा क्रम होता. दिवा लागला की पेला हिरवट पिवळ्या उजेडाने भरून जाई. “बघा, ही या औषधाची शक्ती! ही रक्तात नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि नळ्या मोकळ्या करते,” असे तो सांगे. लोक डबे घेत होते.

आमच्या शेजारच्या एका काकांनी एक डबा घेतला. काकांना चालताना छातीत कळ येते. डॉक्टरांनी त्यांना जिभेखाली ठेवावयाची एक लहानशी गोळी दिलेली आहे. ते संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सर, उजेड तर म्या माझ्या डोळ्यानं पाहिला. आता ती गोळी बंद केली तर चालन का?”

मी म्हटले, “काका, गोळी आधी खिशात ठेवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडायची नाही. उजेडाचं काय ते आपण सावकाश बघू.”

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवितो, रसायनशास्त्र नव्हे. परंतु काकांचा प्रश्न मनातून जाईना. आमच्या रसायनाच्या सहकाऱ्यांना विचारून आणि थोडे वाचून जे समजले ते येथे मांडीत आहे. विक्रेत्याच्या बोलण्यात दोन गोष्टी खऱ्या होत्या, हे प्रथम सांगितले पाहिजे. हळद जांभळ्या दिव्याखाली खरोखरच उजेड देते. आणि नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूने रक्तवाहिन्या खरोखरच सैल होतात. खोटा होता तो या दोन गोष्टींना जोडणारा सांधा. आणि गंमत अशी की, शरीरातला हा वायू शास्त्रज्ञ खरोखरीच हिरव्या उजेडानेच पाहतात. परंतु तो उजेड हळदीचा नव्हे, आणि त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी ते त्याची फार कसून परीक्षा घेतात.

आधी वायूची ओळख करून घेऊ. नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून नायट्रिक ऑक्साइड होतो. आभाळात वीज कडाडते तेव्हा हवेत तो तयार होतो, मोटारीच्या धुरातही तो असतो. दवाखान्यात गुंगीसाठी देतात तो ‘हसविणारा वायू’ निराळा; त्याचे नाव नायट्रस ऑक्साइड. नावे सारखी म्हणून गल्लत होऊ देऊ नये.

असला धुरातला वायू शरीर स्वतःच तयार करीत असेल, असे कोणाला वाटले नव्हते. नायट्रोग्लिसरीन म्हणजे सुरुंगाच्या दारूतले द्रव्य. आल्फ्रेड नोबेल यांनी त्याचाच डायनामाइट केला. हेच द्रव्य अगदी थोडे दिले असता छातीची कळ थांबते, हे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना ठाऊक होते. खुद्द नोबेल यांना उतारवयात डॉक्टरांनी तेच सांगितले होते. पण कळ का थांबते हे मात्र शंभर वर्षे कळले नाही.

१९७७ साली अमेरिकेत फेरिद मुराद यांनी दाखविले की, अशी औषधे नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि त्याने रक्तवाहिनीचा स्नायू सैल होतो. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांना आणखी एक गोष्ट आढळली. ते सशाच्या रक्तवाहिनीचे तुकडे घेऊन प्रयोग करीत असत. एका द्रव्याने काही तुकडे सैल होत, तर काही उलट आवळत. शोध घेता कळले की, ज्या तुकड्यांचे आतले अस्तर हाताळताना घासले गेले होते, ते सैल होत नव्हते. म्हणजे अस्तरातूनच काहीतरी निघून स्नायूला निरोप देत होते. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच होय, असे १९८६ साली फर्चगॉट आणि लुई इग्नारो या दोघांनी आपापल्या प्रयोगांवरून मांडले. या तिघांना १९९८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. काकांच्या खिशातली गोळी याच जातीची. तिच्यातून हा वायू सुटतो, रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो.

हा वायू हलका, लहान आणि चपळ. पेशीच्या भिंती त्याला अडवू शकत नाहीत. पण ऊतींमध्ये त्याचे आयुष्य फार तर काही सेकंदांचे. त्याला रंगही नाही. मग तो कोणत्या पेशीत तयार झाला, किती झाला, हे पाहावयाचे कसे?

जुना मार्ग पाऊलखुणा पाहण्याचा होता. हा वायू नाहीसा होताना मागे नायट्राइट ठेवून जातो, आणि नायट्राइटला विशिष्ट द्रव्ये मिळविली की लालसर रंग येतो. पीटर ग्रीस यांनी १८७९ साली शोधलेली ही कसोटी अजून प्रयोगशाळांत वापरतात. परंतु तिने एवढेच कळते की या रस्त्याने कोणीतरी गेले. कोणत्या घरातून निघाले, हे कळत नाही. त्यासाठी पेशीतच दिवा लागावा लागतो.

येथे दिव्याचे शास्त्र थोडे समजून घेऊ. काही द्रव्ये एका रंगाचा प्रकाश पोटात घेतात आणि लगेच दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. घेतलेल्यातली थोडी शक्ती आत खर्ची पडते, म्हणून बाहेर येणारा प्रकाश कमी जोराचा असतो: जांभळा घेतला तर हिरवा देतात, निळा घेतला तर पिवळा किंवा तांबडा. शंभराची नोट मोडावयास दिली आणि दलालाने दहा कापून नव्वद हाती ठेवले, तसाच हा व्यवहार. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली याला फ्लुओरेसन्स हे नाव दिले. आपल्या पुस्तकांत प्रतिदीप्ती म्हणतात. हळदीतले कर्क्युमिन हे अशा द्रव्यांपैकी एक. झाडाच्या पानातले हरितद्रव्य हे दुसरे. ते तांबडा उजेड देते.

तिसरे द्रव्य फ्लुओरेसीन. हे १८७१ साली आडोल्फ फॉन बायर यांनी तयार केले. शेतात काम करताना डोळ्याला पातीचे टोक लागले आणि आपण नेत्रतज्ज्ञाकडे गेलो, तर तो डोळ्यात एक पिवळी पट्टी टेकवून निळा दिवा धरतो. जेथे जखम असेल तेथे हिरवे चमकते. ते हेच द्रव्य. १८७७ साली जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी जमिनीत मुरून जाते कोठे, हे पाहण्यासाठी नदीत दहा किलो फ्लुओरेसीन ओतले. सुमारे साठ तासांनी ते दूरच्या आख नदीच्या उगमाशी हिरवे चमकत वर आले. थोड्याशा द्रव्याने एवढा मोठा ठावठिकाणा लागतो, हा त्याचा गुण.

१९९८ साली, म्हणजे नोबेल मिळाले त्याच वर्षी, टोकियो विद्यापीठातील तेत्सुओ नागानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच फ्लुओरेसीनचे एक नवे रूप प्रसिद्ध केले. त्याचे नाव डायअमिनोफ्लुओरेसीन, संक्षेपाने डीएएफ. यात फ्लुओरेसीनला शेजारी शेजारी दोन अमिनो गट जोडलेले असतात. हे दोन गट म्हणजे दिव्याजवळ बसलेले दोन खोडकर हात समजा. दिव्याला मिळालेली शक्ती ते वाटेतच काढून घेतात, म्हणून दिवा लागत नाही. नायट्रिक ऑक्साइड तेथे आला, ऑक्सिजनशी त्याचा संयोग झाला, की त्यातून होणारे द्रव्य या दोन हातांना एका कड्यात बांधून टाकते. हात बांधले गेले की दिवा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली निळा प्रकाश टाकला असता पेशी हिरवी उजळते.

शोधक पेशीच्या आत जावा म्हणून त्याला एक रासायनिक टोपी घालतात. पेशीतली विकरे, ज्यांना एन्झाइम म्हणतात, ती टोपी काढून घेतात, मग त्याला सहज बाहेर पडता येत नाही. हा दिवा किती बारीक पाहतो म्हणाल? आपल्याकडे शासनाच्या योजनेतले तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळे असते. काठ सरळ धरले तर त्यात सत्तावीस लाख लिटर पाणी मावते. अशा अडीच तळ्यांत मिळून एक ग्रॅम वायू विरघळविला, तर जेवढा पातळ होईल तेवढाही या शोधकाला ओळखू येतो. त्याच वर्षी या शोधकाने उंदराच्या मेंदूच्या पातळ कापांत हा वायू तयार होताना पाहिला गेला.

येथपर्यंत सारे गोड आहे. आता कडू भाग.

हिरवा उजेड दिसला म्हणजे वायू आहेच, असे नव्हे. पहिली अडचण ऊतींच्या स्वतःच्या उजेडाची. समजा, आपण वसमतच्या शेतातले ओले हळकुंड आणले, त्याचा पातळ काप केला आणि त्यात हा शोधक घातला. काप हिरवा-पिवळा चमकेल. पण शोधक न घालतादेखील तो तसाच चमकला असता, कारण कर्क्युमिनचा उजेड आणि शोधकाचा उजेड रंगाने जवळ जवळ आहेत! शिवाय कर्क्युमिन हे नायट्रिक ऑक्साइडला पकडून ठेवते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात दिसले आहे. म्हणजे तेच द्रव्य एकीकडे खोटा उजेड वाढविणार आणि दुसरीकडे खरा उजेड कमी करणार.

दुसरी अडचण तोतयांची. क जीवनसत्त्व वापरले गेल्यावर त्याचे जे रूप उरते तेही या शोधकाशी संयोग पावते आणि तशाच जातीचा उजेड देते. तिसरी अडचण आंबटपणाची. द्रव आंबट असेल तर दिवा मंद होतो. चौथी अशी की, एकदा बांधलेले हात पुन्हा सुटत नाहीत. तहसील कचेरीतला पर्जन्यमापक आठवा. त्यात साचलेले पाणी एकूण पाऊस किती झाला ते सांगते, आत्ता पडतो आहे की थांबला ते सांगत नाही. या शोधकाचेही तसेच.

पाचवी अडचण आपल्या सोयाबीनशी संबंधित आहे. शिक्षकमंडळी मुलांना सोयाबीनचे रोप उपटून मुळावरच्या गाठी दाखवितात. गाठ कापली आणि आत गुलाबी दिसली म्हणजे ती काम करते आहे, हवेतला नायट्रोजन झाडाला देते आहे. हा गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावाचा, लेगहिमोग्लोबिनचा. शेतात पाणी साचून मुळे गुदमरली की गाठीत नायट्रिक ऑक्साइड वाढतो आणि या गुलाबी द्रव्याला जाऊन चिकटतो. नायट्रोजन देणाऱ्या यंत्रणेलाही त्याने बाधा येते. पाणी साचलेले सोयाबीन पिवळे पडते त्यामागे पुष्कळ कारणे आहेत. गाठीतली ही घडामोड त्यांपैकी एक. आता पाहा, डीएएफला उजेड द्यावयास ऑक्सिजन लागतो, आणि गाठीच्या पोटात तर ऑक्सिजन अगदी थोडा. म्हणजे वायू असूनही दिवा लागणार नाही! म्हणून संशोधकांनी पाण्यात बुडालेल्या गाठींसाठी निराळी वाट धरली. वायू चिकटलेल्या लेगहिमोग्लोबिनची चुंबकीय खूण त्यांनी मोजली. सारांश, उजेड म्हणजे वायू नव्हे आणि अंधार म्हणजे वायूचा अभाव नव्हे.

मग शास्त्रज्ञ काय करतात? ते एकाऐवजी अनेक काप घेतात. पहिल्या कापात शोधक घालीतच नाहीत, म्हणजे ऊतीचा स्वतःचा उजेड किती ते कळते. दुसऱ्यात शोधक घालतात. तिसऱ्यात शोधकाबरोबर वायू गिळून टाकणारे द्रव्य घालतात, किंवा वायू तयार करणारे विकर बंद पाडतात. उजेड खरोखर वायूचा असेल तर येथे तो विझला पाहिजे. चौथ्यात बाहेरून वायू देतात. येथे उजेड वाढला पाहिजे. आणि एवढे करूनही दुसऱ्या एखाद्या पद्धतीने पडताळा पाहतात. २००६ साली अमेरिकेत स्टीफन लिपर्ड यांच्या प्रयोगशाळेने फ्लुओरेसीनला तांबे जोडलेला शोधक केला. त्याला मध्ये ऑक्सिजनची गरज पडत नाही, वायूशी त्याचा थेट संयोग होतो. आपल्या दिल्ली विद्यापीठात सतीश भाटला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही वनस्पतींच्या ऊतींसाठी तांबे असलेला एक शोधक तयार केला आहे.

तर्कशास्त्राच्या वर्गात मी मुलांना सांगतो की, कारण काढून घेतल्यावर कार्य थांबते का, हे पाहा. तिसरा काप म्हणजे हेच. उजेड दाखविणे सोपे आहे. तो कशाने विझतो आणि कशाने विझत नाही, हे दाखविणे म्हणजे पुरावा. बाजारातल्या त्या विक्रेत्याजवळ एकच पेला होता. त्याने दुसरा पेला मांडलाच नाही.

ही चूक केवळ बाजारातच होते असे समजू नका. २०१७ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील आणि इतर ठिकाणच्या रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. कर्क्युमिन शरीरात फारसे शोषले जात नाही, ते टिकत नाही, आणि स्वतःच उजेड देत असल्यामुळे प्रयोगशाळेतल्या अनेक कसोट्यांना चकविते, असे त्यांनी दाखवून दिले. कर्क्युमिनच्या १२० हून अधिक चाचण्या रुग्णांवर झाल्या होत्या. परंतु ज्यांत रोग्याला आणि डॉक्टरला दोघांनाही खरे औषध कोणते ते माहीत नसते, अशा कडक चाचण्यांत एकही यशस्वी झाली नाही, असे त्यांनी लिहिले. याचा अर्थ हळद निरुपयोगी असा नव्हे. त्यांचे बोलणे कर्क्युमिनवरच्या दाव्यांविषयी आहे. पण डब्यावर छापलेल्या दाव्यापुढे थोडे थांबावे, एवढे त्यातून निश्चित निघते.

आपल्या जिल्ह्याचे पोट बऱ्याच अंशी हळदीवर आहे. तेव्हा हळदीची बाजू सोडा, असे मी कसे म्हणेन? १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. आपल्याकडे हे घरोघरी ठाऊक आहे, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले. १९९७ साली पेटंट रद्द झाले. हळद तेथे जिंकली ती पुराव्यावर. मग तिच्या नावाने आपल्याच माणसाला कोणी काही विकू लागला, तर तेथेही आपण पुरावाच मागावा, हे बरे नव्हे काय?

शिक्षकबंधू-भगिनींसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. दोन काचेचे पेले घ्या. एकात थोडे स्पिरिट घेऊन चिमूटभर हळद ढवळा आणि वरचे निवळ घ्या. दुसऱ्यात बी-कॉम्प्लेक्सची एक गोळी कुटून पाण्यात ढवळा आणि गाळून घ्या. खोलीत अंधार करून नोटा तपासावयाचा दिवा धरा. दोन्ही पेले हिरवट पिवळे चमकतील, कारण गोळीतले बी-दोन जीवनसत्त्वही प्रतिदीप्त आहे. मुलांना विचारा, हळद कोणत्या पेल्यात? नुसत्या उजेडावरून सांगणे कठीण जाईल. मग दोन्हींत खायच्या चुन्याची किंचित निवळी घाला. हळदीचा पेला लालसर होईल, कुंकू करताना होते तसा. दुसरा होणार नाही. उजेडाने नुसते ‘काहीतरी आहे’ एवढे सांगितले. काय आहे ते दुसऱ्या कसोटीने सांगितले. स्पिरिट शिक्षकांनी स्वतः हाताळावे, जवळपास ज्योत नसावी, चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि दिव्याकडे थेट पाहू नये, एवढी काळजी घ्यावी.

हाच प्रयोग मी काकांच्या ओसरीवर करून दाखविला. त्यांनी दोन्ही पेले पुन्हा पुन्हा पाहिले. मग म्हणाले, “म्हंजी सर, उजेड खरा व्हता, पण त्येचा औषधाशी काय संबंध नव्हता.”

“बरोबर,” मी म्हटले. “आणि तुमच्या गोळीचा वायू कोणाला दिसत नाही, पण त्याचा पुरावा आहे.”

काकांनी डबा घरात नेऊन दिला. भाजीत वापरतात म्हणे. गोळी त्यांच्या खिशातच आहे.